रंग चुकला की मुकाट्याने काळा!

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जो संगणकीय फलक आहे, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) अक्षरांचा रंग हॅशने (#) सुरू होणाऱ्या संकेतात लिहिताना अवतरणचिन्हे राहून गेली, की यॅमल या फाइल लिहिण्याच्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे हॅशपासून पुढचा सगळा मजकूर टिप्पणी, म्हणजे प्रोग्रामने सोडून द्यायचा मजकूर, ठरतो, किंमत रिकामी राहते आणि हा प्रोग्राम चकार शब्द न काढता काळा रंग गृहीत धरतो. फलकाची पार्श्वभूमीही काळीच! मग कापसाच्या गाड्या खोळंबतात, वजन कुणालाच दिसत नाही आणि शेतकऱ्यांना वाटते की काट्यातच काहीतरी गोम आहे. त्यांचे तरी काय चुकले? हॅश गाळून ००ई६७६ असा हिरवा लिहावा, तर मधल्या ‘ई’मुळे ती घातांकी संख्या (शून्य गुणिले दहाचा ६७६वा घात) समजून त्याचे शून्य केले जाते. हॅशनंतर ३, ४, ६ किंवा ८ षोडशमान अंकच (० ते ९ आणि ए ते एफ) आहेत ना, आणि आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे आकडे, लिहिले असल्यास प्रत्येक घटक ० ते २५५ मध्ये बसतो ना, एवढे तपासायला कितीसा कोड लागतो? बसत नसेल, तर ओळ क्रमांक आणि सापडलेली किंमत दाखवून सरळ थांबावे. पण नाही, दर हंगामात हेच, आणि पुरवठादाराचे उत्तरही ठरलेले: ‘मॉनिटर बदलून पाहा.’