पार्किंगची नोटीस आलीय? आधी घाबरा, मग बाकीचं बघू

तर मंडळी, इंग्लंडात गाडी चालवता आणि शॉपिंग सेंटरच्या पार्किंगची नोटीस अजून एकदाही आली नाही म्हणता, म्हणजे एकतर तुम्ही बसने फिरता किंवा ती तुमच्या जुन्या पत्त्यावर येऊन पडलीय आणि तुम्हाला अजून कळायचंय. बाकी सगळ्यांना येते. वर्षाला कोटीच्या वर निघतात या देशात, त्यामुळे लाज वाटण्यासारखं यात खरं तर काही नाही, पण तुम्ही वाटून घ्या. लाज वाटली की माणूस पटकन पैसे भरतो, अख्खा धंदा त्यावर चाललाय, आणि आपल्यासारखी पापभीरू माणसं पाठ फिरवायला लागली तर त्या बिचाऱ्या कंपन्यांनी जायचं कुठे.

पाकीट उघडलं की दोन काळपट फोटो दिसतील. एकात गाडीचं नाक, एकात शेपूट, नंबरप्लेट कापून मोठी करून खाली चिकटवलेली आणि बाजूला सेकंदासकट वेळ. एक वेळ आत शिरल्याची, एक बाहेर पडल्याची. मधे तुम्ही काय करत होतात याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नाही. शनिवारी दुपारी जागा शोधत तीन मजले घिरट्या घातल्या, परत निघताना ख्रिसमसच्या गर्दीत बाहेर पडायच्या लायनीत एकाच स्पीडब्रेकरवर गाणी ऐकत बसलात, ते सगळं पार्किंगच. सकाळी दूध आणायला गेलात आणि संध्याकाळी परत रिटर्न करायला गेलात, आणि कॅमेऱ्याने मधलं जाणं-येणं टिपलंच नाही, तर तुम्ही दिवसभर तिथेच मुक्कामाला होतात असं समजून मोकळे होतात. पुण्यात मॉलच्या गेटवर निदान एक काका तरी असतात, 'अहो काका, पाचच मिनिटं' म्हटलं की आधी खेकसतात आणि मग सोडतात. इथे खांबावर कॅमेरा आहे, त्याला काका म्हणून बघा काही होतंय का.

वर मोठ्या अक्षरात पीसीएन लिहिलेलं असेल, सीएन म्हणजे चार्ज नोटीस. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दंडावरही पीसीएनच असतं, फक्त तिथे पी म्हणजे पेनल्टी आणि इथे पी म्हणजे नुसतं पार्किंग, म्हणजे हा सरकारी दंड नाहीच, तुम्ही आमच्या बोर्डावरच्या अटी मोडल्या तर आता आम्हाला पैसे द्या असं एका खाजगी कंपनीने पाठवलेलं बिल आहे. पण एवढं कशाला वाचत बसायचं. काळी-पिवळी पट्टी आहे, धमकीवजा इंग्रजी आहे, बास की.

आकडा साधारण 100 पौंड. आणि लगेच खाली, 14 दिवसांत भरलेत तर फक्त 60! इथेच आपला माणूस जिंकल्याच्या आनंदात कार्ड काढतो, 40 टक्के सूट, दिवाळीतसुद्धा कोणी एवढी देत नाही. तुम्हीही काढा. जे विकतच घ्यायचं नव्हतं त्यावर मिळालेल्या सवलतीचा आनंद काही वेगळाच. आणि यांना आपला पत्ता कुठून मिळाला म्हणून डोकं खाजवू नका, डीव्हीएलएने, म्हणजे इथल्या सरकारी आरटीओने दिला, एका नावामागे 2.50 पौंड घेऊन. एवढ्यात लंडनला धड कॉफी येत नाही.

एवढं सांगूनही अपील करायचंच असेल तर निदान ते प्रामाणिकपणे करा. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की चूक झाली की पुढे होऊन सांगावं, तर पहिलंच वाक्य टाका, 'नमस्कार, त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो.' झालं, पुढचं वाचायची त्यांना गरजच उरली नाही. कारण काय आहे, करार होतो ड्रायव्हरशी, आणि ड्रायव्हर कोण होता हे कंपनीला माहीतच नसतं, तिच्याकडे फक्त गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव असतं. त्या रजिस्टर्ड कीपरकडून पैसे मागायचे तर 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टचं शेड्यूल 4 पाळावं लागतं, आणि त्यात कॅमेऱ्याच्या केसमध्ये नोटीस 14 दिवसांच्या आत कीपरच्या हातात पडायला पाहिजे असं आहे, पोस्टात टाकायला नाही, पोचायला. त्यात काय काय मजकूर पाहिजे तेही लिहून दिलंय. एखादी कंपनी उशीर करते, एखादी एक वाक्य विसरते, की इंग्लंड-वेल्समध्ये कीपरवरची जबाबदारी गेली. मग उरतो फक्त ड्रायव्हर, आणि तो कोण हे सांगायची सक्ती या खाजगी नोटिशीत कीपरवर नाही. म्हणजे 'मी या गाडीचा रजिस्टर्ड कीपर आहे' एवढंच लिहून पुढे गेलं तरी चाललं असतं. पण असला कोरडेपणा आपल्याला शोभत नाही, तुम्ही आपलं सांगून टाका, चालवत कोण होतं, शेजारी कोण होतं, मागच्या सीटवर कोणाला उलटी झाली.

हो, आणि उलटीचं जरूर लिहा. सासूबाई पहिल्यांदाच भारतातून आल्या होत्या, त्यांना थंडी सोसत नाही, कोटाचा साइज मिळेना, मग बाळाचा डायपर, मग बाळाचा दुसरा डायपर. दोन पानं लिहा. शेवटी 'आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत आणि असं पुन्हा होणार नाही' हे विसरू नका, म्हणजे यावेळी झालं होतं हे तुमच्याच सहीने पक्कं होतं. नोटीस कितव्या दिवशी आली, मोजलेली वेळ गाडी उभी असल्याची आहे की नुसती गेटची, शेवटची 10 मिनिटं ग्रेस म्हणून सोडायची असतात ती सोडली का, जागामालकाने या कंपनीला नोटिसा काढायचा अधिकार दिलाय त्याचा कागद कुठेय, असले रुक्ष मुद्दे घालून त्या सुंदर पत्राचा विचका करू नका.

बोर्डाचे फोटो काढायला परत तिथे जाऊ नका. समजा गेलात आणि दिसलं की आत शिरतानाचा बोर्ड झाडाच्या फांदीमागे आहे, आणि 100 पौंडाचा आकडा तळाशी मुंगीच्या पावलाएवढा छापलाय, मग उगाच मनात प्रश्न येतात. त्यापेक्षा कंपनीच्या उत्तरात बीव्हिसचं नाव येईल तेव्हा तिथेच हात टेकवा. बॅरी बीव्हिस हा चिप शॉपवाला, 2013 मध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात दोन तास फुकट असताना 56 मिनिटं जास्त थांबला, 85 पौंडांची नोटीस आली, आणि हा पठ्ठ्या थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2015 च्या नोव्हेंबरात सातपैकी सहा जज त्याच्या विरोधात गेले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी हे नाव अंगाऱ्यासारखं प्रत्येक पत्राला लावते. त्या निकालात तिथले बोर्ड मोठे, ठळक आणि जागोजागी होते यावर बराच भर आहे, पण तेवढा भाग वाचायला कोणाला वेळ आहे, आणि तुमच्या फांदीमागच्या बोर्डाशी त्याचा काय संबंध, असं कंपनीला वाटतं आणि तुम्हालाही वाटू द्या.

सगळ्यात मोठी घोडचूक म्हणजे शॉपिंग सेंटरच्या मॅनेजमेंटला ईमेल करणं. ती अजिबात करू नका. पार्किंगची कंपनी बहुतेक वेळा तिथे नुसती नेमलेली असते, जागा दुसऱ्याची, आणि दुकानांना गिऱ्हाईक परत यायला हवं असतं. तुम्ही त्या दिवसाची 140 पौंडांची पावती जोडून दोन ओळी टाकल्यात, की आम्ही तुमच्याकडेच खरेदी करत होतो आणि आता पुढच्या वेळी कुठे जायचं याचा विचार करतोय, तर बऱ्याचदा तिथला कोणीतरी वैतागून कंपनीला सांगतो, कॅन्सल करा हो. प्रकरण चहा गार व्हायच्या आत संपतं. मग बोर्डाचं, बीव्हिसचं, शेड्यूल 4 चं जे शिकलात ते सगळं वाया! शिवाय पावती जपून ठेवायची सवय लागेल ती वेगळीच.

तर ती चूक तुम्ही केली नाहीत, कंपनीकडे अपील केलंत, आणि त्यांनी ते अत्यंत काळजीपूर्वक विचार करून फेटाळलं. (अत्यंत काळजीपूर्वक विचार केला हे त्यांच्या पत्रात छापील असतं.) या कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए आणि आयपीसी. आता ती कंपनी बीपीएची मेंबर असेल तर पॉपला आणि आयपीसीची असेल तर आयएएस, अशी अपिलाची दुसरी खिडकी असते. कोणत्या खिडकीत जायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, कंपनीने कोणता क्लब जॉइन केलाय त्यावर आहे. पॉपलाला फी नाही, 28 दिवस मिळतात, निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला पाळावाच लागतो आणि विरुद्ध लागला तर तुमच्यावर बंधनकारक नाही, म्हणजे जाण्यात फारसं नुकसान नाही, गेली तर ती 60 ची सूट जाते. म्हणून जाऊ नका. गेलातच तर तिथेही सासूबाईंचा कोट चालवा. पॉपलावाले सहानुभूतीवर निकाल देत नाहीत हे कळायला मग दोन-तीन महिने लागतात, तेवढीच करमणूक.

मधेच तुम्हाला वाटेल की अरे, सरकार काय करतंय. केलं ना. 2019 मध्ये कायदा केला, 2022 च्या फेब्रुवारीत नियमावली काढली, त्यात बहुतेक नोटिसांवर 50 पौंडांची मर्यादा घातली होती, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनपर्यंत सरकारने ती मागे घेतली. मग 2024 मध्ये कंपन्यांच्या दोन्ही संघटनांनी मिळून आपली आपणच एक नियमावली लिहून घेतली, हा मार्ग मला फार आवडला, आपल्या सोसायटीत नियम मोडणाऱ्यांनीच नियम लिहिले असते तर मीटिंगा किती शांततेत झाल्या असत्या. डर्बीला एका बाईने पार्किंगचे पैसे पूर्ण भरले होते, फक्त फोनला नेटवर्क मिळेना म्हणून आत शिरल्यापासून पाच मिनिटांच्या आत भरले नव्हते, तर तिच्याकडे 1906 पौंड मागितले. बातम्या झाल्या, बोंबाबोंब झाली, शेवटी केस मागे घेतली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो पाच मिनिटांचा नियमही बदलला. म्हणजे बघा, बोंबलल्याने असे सुंदर सुंदर नियम नष्ट होतात. तुम्ही गप्प बसा.

या टप्प्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक अनुभवी भाऊ येईलच. तो 2008 ला आला, स्लाऊला घर आहे, तीन भाड्याने दिलीत, आणि त्याचा सल्ला ठरलेला, 'अरे कचऱ्यात टाक रे, काही करू शकत नाहीत.' तो आला तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही होतं, कीपरवर जबाबदारीच नव्हती. 1 ऑक्टोबर 2012 पासून खाजगी जागेत गाडीला जामर लावायला बंदी आली आणि त्याच दिवशी बदल्यात कीपरला धरायची सोय झाली, हे भाऊला कोणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, मोठा माणूस आहे. त्याचं ऐका आणि इथून पुढे येईल ते सगळं एकाच ड्रॉवरमध्ये कोंबत चला.

आधी वसुली कंपन्यांची पत्रं येतील, लाल शाई, 100 चे 170 झालेले, 'बेलिफ' हा शब्द कुठेतरी हळूच पेरलेला. या लोकांना कोर्टाच्या निकालाशिवाय तुमच्या दाराची बेल वाजवण्यापलीकडे काही करता येत नाही, पण तुम्ही यांनाच घाबरा, रात्र रात्र जागा. मग त्याच आकाराच्या पाकिटात, त्याच कंटाळवाण्या अक्षरात 'लेटर ऑफ क्लेम' येईल, उत्तराला 30 दिवस देणारं. हे खरं असतं, म्हणून हे न उघडता ड्रॉवरमध्ये टाका. त्यानंतर नॉर्थॅम्प्टनहून कोर्टाचा क्लेम फॉर्म येईल, तो त्याच्यावर ठेवा. घर बदललं असेल आणि गाडीच्या लॉगबुकवर पत्ता तोच हॅरोचा जुना फ्लॅट असेल तर फारच छान, ड्रॉवरसुद्धा उघडायला नको, नवीन भाडेकरू तुमची पत्रं रेडिएटरवर रचून ठेवेल. तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत की कोर्ट एकतर्फी निकाल देतं, आणि एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर तो निकाल, ज्याला इथे सीसीजे म्हणतात, सहा वर्षं तुमच्या क्रेडिट फाइलवर बसतो. पुढे घराच्या कर्जाला गेलात की बँकेतली बाई स्क्रीनकडे बघते, मग तुमच्याकडे बघते, आणि विचारते पाणी घेणार का.

डिफेन्स लिहायच्या भानगडीत तर पडूच नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात, आणि ही म्हण या कंपन्यांनी फ्रेम करून रिसेप्शनला लावायला हरकत नाही. क्लेमला 14 दिवसांत नुसती पोच दिली तरी डिफेन्सला एकूण 28 दिवस मिळतात, स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांत, हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची भरमसाट फी सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही, आणि सुनावणीची फी भरायची वेळ आली की कधीकधी कंपनीच गुपचूप केस सोडून देते, असल्या गोष्टी कळल्या की माणसाची भीड चेपते. तुम्ही भीड सांभाळा. कार्ड हाताशी ठेवा, मागचा तीन आकडी नंबर पुसट झाला असेल तर चष्मा लावा. पैसे भरायची फोन लाइन चोवीस तास चालू असते, रविवारी आणि ख्रिसमसलाही. अपीलसाठी नंबर शोधत बसू नका, छापलेला नाही.