बोकड बदलावा लागतो

आमचे आबा दर दोन वर्षांनी कळपातला बोकड विकायचे. कितीही देखणा असला तरी. मग म्हसवडच्या बाजारातून लांबच्या गावचा, आमच्या शेळ्यांशी काही नातं नसलेला बोकड आणायचे. एका वर्षी माझ्या हट्टापायी घरचाच ठेवला. पुढं त्याच्याच बहिणीला दोन करडं झाली. एक मेलेलंच. दुसऱ्याला उभं राहता येईना. आबांनी ते मांडीवर घेऊन बोटानं चीक चाटवला, पण तिसऱ्या दिवशी तेही गेलं. एका वेतावरून काही सिद्ध होत नाही, हे आज मला कळतं. पण आबा म्हणाले होते, "रक्त बदलावं लागतं, बाळा." ते डोक्यातून जात नाही.

आज हे लिहितोय ते अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटमुळे. मुंगसासारखा लांबुडका प्राणी, प्रेअरी डॉग नावाच्या, बिळं करून राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यांच्या बिळात राहणारा आणि त्यांच्यावरच जगणारा. तो संपला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ एका कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणून टाकला, म्हणून शेवटची वसाहत सापडली. थोड्याच वर्षांत रोगानं तीही बसली. १९८७ पर्यंत उरलेसुरले १८ धरून पिंजऱ्यात आणले. त्यातल्या फक्त सातांचा वंश पुढे चालला.

त्या सातांपासून हजारो पिल्लं झाली. १९९१ पासून त्यांना रानात सोडतायत. आकडा बघून ऊर भरून येतो. पण कळप केवढाही होवो, घरं सातच! सगळे एकमेकांचे भाऊबंद. प्लेगसारखा रोग आला आणि एकाला त्याच्याशी लढता आलं नाही, तर बाकीच्यांनाही येणार नाही ही धास्ती कायमची. म्हणून तिथं जोड्या लावताना प्रत्येकाची वंशावळ काढतात. ज्याचे नातेवाईक कळपात सगळ्यांत कमी, त्याला आधी जोडीदार. धष्टपुष्ट, भरपूर पिल्लं देणारा नर मुद्दाम मागे ठेवावा लागतो. हे पचायला जड जातं, पण आबाही तेच करत होते.

आता विलाची गोष्ट. पकडलेल्यांतली ही मादी १९८८ साली मेली. तिचा वंश उरला नाही, पण कुणीतरी तिच्या शरीराचा एक तुकडा सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाकडे गोठवून ठेवायला पाठवला. त्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन नावाची क्लोन, म्हणजे विलाचीच हुबेहूब प्रत, जन्मली. तिला पिल्लं होऊ शकली नाहीत. तिची पाठची बहीण अँटोनिया, तीही विलाचीच क्लोन, तिला २०२४ मध्ये झाली. आज जिवंत असलेल्या फेरेटांत नाही असं बरंच काही विलाच्या पेशींत होतं. लोक क्लोनिंगचं कौतुक करतात, करू देत. मी मात्र तो तुकडा फेकून न देणाऱ्या माणसाला हात जोडतो.

नोंदी सुटल्या की काय होतं, हे आपण सिंहांच्या बाबतीत भोगलंय. आपल्या प्राणिसंग्रहालयांत गीरच्या सिंहांत सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांचं रक्त मिसळलं. पुढे अशा सिंहांची पैदास बंद करून, त्यांना म्हातारं होऊन मरू देण्याखेरीज उपाय उरला नाही. सिंह होते, पण गीरसाठी उपयोगाचे नव्हते.

२०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड-पैदास केंद्रात वाढलेली गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. त्याचा मला मनापासून आनंद झाला. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यानं आभाळ रिकामं केलेलं मी पाहिलंय. पण अशी बातमी आली की आपण विचारतो, किती सोडली? यापुढे हेही विचारा, की ती किती वेगवेगळ्या घरांतली आहेत, कोणाची वंशावळ कुठे लिहिली आहे, आणि त्यातलं एखादं मेलं तर त्याच्या पेशी कुठे जपून ठेवणार आहेत. संकटात सापडलेल्या प्राण्यांसाठी काम करणारी हैदराबादच्या लॅकोन्ससारखी प्रयोगशाळा आपल्याच देशात आहे. पिंजऱ्याला पैसा मिळतो तसा या वहीला आणि या फ्रीजरलाही पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे. शेवटचे १८ उरल्यावर नव्हे.