मौजे स्पेन, क्षेत्र आठ गुंठे

आम्ही स्पेनमध्ये जागा बघतोय हे चिपळूणला फोनवर सांगितलं, तेव्हा अण्णाकाकांनी "अरे वा" म्हटलं नाही की "कितीला" विचारलं नाही. ते म्हणाले, "सामाईक नाही ना?"

काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण मोजणीची साखळी अजून हातातून सुटलेली नाही. त्यांच्या मते जगात जमिनी दोनच प्रकारच्या: वाद चालू असलेल्या आणि वाद व्हायचा राहिलेल्या. मी हसून म्हटलं, "काका, हे युरोप आहे." काकांनी फोन काकूकडे दिला.

आता आमची बाजू. आम्ही वीस वर्षं नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनला. तिथला पाऊस पडत नाही, तो नुसता असतो. चिपळूणचा पाऊस चार महिने धिंगाणा घालतो आणि निघून तरी जातो. हा घरजावयासारखा बारा महिने मुक्कामाला. एका फेब्रुवारीत हिने जाहीर केलं, "माझ्या हाडांना बुरशी आलीय," आणि नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली स्पेनचा पूर्व किनारा होता. अलिकांते प्रांताचं दक्षिण टोक. तोर्रेव्हिएहाची मिठागरं तिथून जवळ, त्यातल्या एका सरोवराचं पाणी चक्क गुलाबी. गावाचं नाव सांगत नाही, बांधकाम परवाना अजून यायचाय.

तयार घर का घेतलं नाही? घेतलं असतं. पण तयार घरं पांढऱ्या खोक्यासारखी, आणि हिला पडवी हवी होती. शिवाय मनात एक जुनं शल्य होतं. चिपळूणच्या आमच्या घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातले सहा जण वर गेलेत, आणि काम अडतं ते नेमकं त्यांच्याच सहीवाचून. एकदा तरी स्वतःच्या एकट्याच्या नावावर, स्वच्छ, बिनबोभाट जमीन असावी असं वाटत होतं. (एका मित्राने सांगितलं की जमीन घेतली की व्हिसा फुकट. तो पाच लाख युरो गुंतवणाऱ्यांना मिळायचा आणि 3 एप्रिल 2025 ला तोही बंद झाला. आमचं बजेट त्या रकमेच्या गल्लीतसुद्धा फिरकणारं नव्हतं.)

पहिली जागा समुद्राला लागूनच होती. किंमत ऐकून छातीत धडधडलं, कारण ती फारच कमी होती. एजंट म्हणाला, लाटांचा आवाज ऐकत झोपाल. ते खरंच होतं, फक्त तंबूत झोपावं लागलं असतं. स्पेनचा किनारा कायदा 1988 चा. किनाऱ्यापासून शंभर मीटर पट्ट्यात नवं घर बांधता येत नाही. आधीपासूनच शहरी असलेल्या भागात हे अंतर वीस मीटर. ही जागा कुठल्याच अर्थाने शहरी नव्हती. काकांना सांगितलं तर ते खूश. "सीआरझेड! आपलं किनारा नियमन, 1991 चं. म्हणजे हे लोक आपल्या तीन वर्षं पुढे आहेत." स्पेनबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले चांगले उद्गार.

दुसरी जागा सुरेख होती. सपाट, मागे टेकडी, बाजूला बोरूसारख्या उंच वेतांची हिरवी रांग. एजंट म्हणाला, "ही रांब्ला. कोरडीच असते. वीस वर्षांत पाणी बघितलं नाही." मी त्या गोट्यांकडे बघितलं. गोटे गोल होते. आता गोटा काही स्वतःहून गोल होत नाही. कोकणात आम्ही अशा पावसाळी ओढ्याला पऱ्या म्हणतो, आणि पऱ्याच्या पोटात घर बांधणाऱ्याला जे म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीने आमच्या घरात माळ्याच्या पायरीपर्यंत येऊन चहा घेतला होता. सप्टेंबर 2019 मध्ये इथल्या सेगुरा नदीने शेजारच्या ओरिउएलात तेच केलं. एजंटला म्हटलं, आम्ही चिपळूणचे. त्याला कळलं नाही, पण आम्ही गाडीत बसलो हे कळलं.

तिसरी जागा शेतजमीन. लिंबांची बाग, मधोमध पडकं कोठार. ही म्हणाली, "हीच." मग कळलं की या प्रांतात शेतजमिनीवर घर बांधायचं तर किमान दहा हजार चौरस मीटर हवेत, आणि त्यातलेही दोनच टक्के घराखाली. ही बाग सहा हजारांची. शिवाय आमचा पासपोर्ट भारतीय. कार्ताहेनाचा नौदल तळ तिथून फार लांब नाही. त्या टापूत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला शेतजमीन घ्यायची तर लष्कराची परवानगी लागते. 1975 चा कायदा आहे तसा. म्हणजे माद्रिदमधला कुणी अधिकारी माझी फाईल उघडून ठरवणार की हा माणूस लिंबाच्या बागेतून आरमाराला धोका पोचवेल का. आमच्या घराण्याचा लष्कराशी संबंध एवढाच, की शेजारचे सुभेदार दिवाळीला कँटीनमधून बाटली आणायचे. मी झुरळाला घाबरतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तेही अर्जात दिसेना. बाग सोडून दिली.

या सगळ्याच्या आधी एक नंबर लागतो, परदेशी माणसाचा ओळख क्रमांक. त्याच्याशिवाय जमीन सोडा, विजेचं मीटरही मिळत नाही. त्याचं शुल्क दहा युरोंच्या आत, पण ते बँकेत भरायचं, आणि आम्ही गेलो ती शाखा हे शुल्क सकाळी साडेदहापर्यंतच घ्यायची. आम्ही पोचलो दहा पस्तीसला. काउंटरवरची बाई रिकामी बसून नखं न्याहाळत होती, तरी हसून म्हणाली, "मान्याना." उद्या. परका देश आहे असं वाटलंच नाही.

खरी गंमत झाली ती या नंबराचा अर्ज द्यायला पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा. स्पॅनिश माणसाला आडनावं दोन: पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. अर्जात दोन चौकटी होत्या. मी पहिलीत जोशी लिहिलं, ज्याचा उच्चार तिथे 'होसी' होतो. दुसरी रिकामी.

"आईचं आडनाव?" कारकून बाईंनी विचारलं.

"जोशी."

"ते वडिलांचं झालं. आईचं?"

"तेही जोशीच."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग हिचा पासपोर्ट उघडला. तिथेही जोशी. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा हिच्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, समजूतदार आवाजात विचारलं, "एर्मानोस?" म्हणजे, भाऊ-बहीण का?

मी घाईघाईने विवाहाचा दाखला पुढे केला. त्याने प्रकरण निवळायच्या ऐवजी चिघळलं, कारण आता त्यांच्यासमोर दोन होसींनी लग्न केल्याचा सरकारी पुरावा होता, आणि नवऱ्याचे आईबापही होसी. बाईंनी शिक्का मारला, पण आम्ही बाहेर पडेपर्यंत शेजारच्या टेबलाला काहीतरी सांगत होत्या. ही रस्त्यावर येऊन म्हणाली, "तरी मी तेव्हा म्हणत होते, माहेरचं नाव ठेवते."

आणि मग चौथी जागा मिळाली. गावाच्या कडेला, रीतसर बिगरशेती, रस्ता-वीज-पाणी सगळं दारात. कोपऱ्यात एक म्हातारं झाड, खाली गर्द सावली. आम्ही नोंदणी कार्यालयातून उतारा मागवला. 'नोता सिंप्ले' म्हणतात त्याला, दहा युरोंच्या आसपास पडतो. वकिलाने समजावायला सुरुवात केली, पण मी आधीच काकांना फोटो पाठवला होता. काकांनी फोनवरच भाषांतर केलं आणि दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल. मागे पंखा, हातात भिंग.

"अरे, हा तर सातबारा आहे! हे बघ, मालक. हे क्षेत्र. ही चतुःसीमा: उत्तरेस अमुकचे वारस, दक्षिणेस रस्ता. सूर्योदयाची बाजू, सूर्यास्ताची बाजू. आणि हे 'कार्गास', हा बोजा. इतर अधिकाराचा रकाना. कोरा दिसतोय." काकांचा चेहरा पडला. कोरा रकाना त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. "कोरा असतो म्हणजे लिहिलेलं नसतं," ते म्हणाले. "असतं कुणीतरी."

क्षेत्राबद्दल म्हणाल तर नोंदणीत 812 चौरस मीटर. करासाठी जमिनीचं वेगळं दप्तर असतं, कातास्त्रो, त्यात 796. आम्ही मोजणीवाला लावला, त्याच्या यंत्रात 803. आमचे डच शेजारी हे ऐकून हादरले. त्यांच्याकडे असं काही झालं तर मंत्री राजीनामा देईल. आम्हाला मात्र हायसं वाटलं. तीन आकडे तीन ठिकाणी म्हणजे जमीन अस्सल आहे. मालकांपैकी एक आजोबा तर मीटर मानेचनात. ते 'ताउया' म्हणायचे, तिथलं जुनं माप, साधारण अकराशे ते बाराशे चौरस मीटरचं. काकांनी गुंठ्यांत हिशेब केला: "आठ गुंठ्यांना जरा कमी. विहीर आहे?"

मालकांपैकी एक, असं मी म्हटलं. होय. ती पाच भावंडं होती. उताऱ्यावर नाव त्यांच्या वडिलांचं, आणि वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. वारस नोंद झालीच नव्हती. त्यातला एक भाऊ अर्जेंटिनात, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते कुणीच सांगेना. भिंतीवरच्या घड्याळाचा विषय निघाला की मात्र खोली गप्प व्हायची.

काकांना हे कळवलं तेव्हा त्यांचा आवाज पंधरा वर्षांनी तरुण झाला. "सामाईक!" ते म्हणाले. मग काकूला हाक मारून सांगितलं, "अगं, सामाईक निघाली!"

विसार दिला. तिथे त्याला 'आर्रास' म्हणतात. आम्ही मागे फिरलो तर दहा टक्के गेले, ते फिरले तर त्यांनी दुप्पट द्यायचे. लग्नात नवरा नवरीला तेरा नाणी देतो, त्यांनाही आर्रासच म्हणतात, आणि विसार देताना मला तसंच, परतीचे दोर कापल्यासारखं वाटलं. मग सुरू झालं वाट बघणं. वारसाहक्क स्वीकारण्याचा दस्त. अर्जेंटिनाच्या भावाचं मुखत्यारपत्र, त्यावर अपोस्टीय, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. तो परदेशी राहतो म्हणून त्याच्या हिश्श्याच्या रकमेतले 3 टक्के आम्हीच कापून सरकारात भरायचे. ऑगस्टमध्ये अख्खा देश समुद्रावर, म्हणून तो महिना धरायचाच नाही. आठ महिने गेले. दर रविवारी काका विचारायचे, "अर्जेंटिना आलं का?"

शेवटी नोतारियोसमोर बसलो. हा सरकारमान्य दस्तलेखक. दोन्ही पक्षांचा, म्हणजे कुणाचाच नाही. खोलीत चार भावंडं, अर्जेंटिनावाल्याचा मुखत्यार, आम्ही दोघं भाऊ-बहीण, वकील आणि दुभाषी. न बोलणारे दोघं टेबलाच्या दोन टोकांना, अगदी आमच्याकडे बसतात तसे. टेबलावर बँकेचे पाच धनादेश ओळीने मांडले, पत्ते मांडल्यासारखे. नोतारियो दस्त मोठ्याने वाचू लागले. सत्यनारायणाची पोथी वाचणारे आमचे भटजी आठवले. तोच वेग, श्वासही तिथेच. अध्याय संपल्यासारखे थांबले की सगळे माना डोलवायचे. दुभाषी दोन मिनिटं ऐकून आम्हाला अगदी त्रोटक इंग्रजीत सांगायची: "ते म्हणतात, जमीन आहे."

सह्या झाल्या. थोरली बहीण, वय एक्याऐंशी, तिने आपला धनादेश पर्समध्ये ठेवला, चेन लावली, पुन्हा उघडून बघितली. मग सगळ्यांनी सगळ्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ते न बोलणारे दोघं कोपऱ्यात एकमेकांना टाळून माझ्याकडेच दोनदा आले.

आमच्या आठ गुंठ्यांवर गेलो. ही काठीने पडवी आखत होती, आणि मी तिला सांगत होतो की चारही बाजूंनी पाच-पाच मीटर सोडायचेत, म्हणजे तू आत्ता आयुन्तामिएन्तोच्या, नगरपालिकेच्या मनाविरुद्ध उभी आहेस. तेवढ्यात थोरल्या बाई आल्या. हातात लिंबांची पिशवी. पिशवी हिच्याकडे दिली, झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ बोलल्या. मला निम्मं कळलं. झाड आल्गार्रोबोचं. वडिलांनी लावलेलं. शेंगा सप्टेंबरात काढायच्या, त्या दरवर्षी त्याच काढतात.

मी काकांना कॉल लावला आणि कॅमेरा झाडाकडे केला. चिपळूणला रात्र झाली होती. काका डोळे चोळत बघत राहिले.

"इतर अधिकार," ते म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? लिहून घे."

लिहून काही घेतलं नाही. सप्टेंबरात बाई आल्या, लांब काठी घेऊन. शेंगा चिंचेसारख्या, काळ्या, खडखडीत; दाताखाली मात्र खारकेसारख्या गोड. त्या झोडपत होत्या आणि मी खाली चादर धरून उभा होतो. एक टोपली भरली की त्या मूठभर शेंगा काढून वेगळ्या पिशवीत टाकायच्या. ती पिशवी कुणाची हे मी विचारलं. त्यांनी आकाशाकडे बघितलं, मग खांदे उडवले.

"अर्जेंटिना," त्या म्हणाल्या.