हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही हो

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज या मे महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. हापूस खाल्ला की कोय दालचिनीत घोळवून कुंडीत लावा, दोन वर्षांत बाल्कनीत आंबे. सफरचंदाचं बी फ्रिजमध्ये ठेवून लावा, मुंबईत सफरचंद. रोज पाणी द्या आणि वर केळीच्या सालींचं पाणी. मी बारा वर्षं गच्चीवर झाडं लावतेय, लोकांची वर्षंच्या वर्षं यात जातात ते बघवत नाही म्हणून लिहितेय.

आधी कोय. कोय रुजते, अगदी सहज रुजते, पण हापूसच्या कोयीत गर्भ एकच आणि तो परागातून झालेला, म्हणजे आई हापूस आणि बाप बागेतलं कुठलंही झाड. उगवतं ते रायवळ, गोड निघेल नाहीतर आंबट. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या कलमं बांधतात, म्हणजे रोपावर हापूसची काडी जोडतात, ती उगाच नाही. शिवाय कोयीच्या झाडाला जमिनीतसुद्धा फळ धरायला सहा-सात वर्षं सहज लागतात, कुंडीत त्याहून जास्त. दालचिनीने फार तर बुरशी थोडी अडेल.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रंगाच्या बादलीत कोय लावलीये, तीन वर्षं झाली. कमरेएवढं रोप, तांबूस कोवळी पालवी इतकी देखणी की हात लावावासा वाटतो, पण बादली आडवी करून बघितलं तर मुळं तळाशी चकलीसारखी गुंडाळलेली. काकू दर जानेवारीत शेंड्याला मोहोर शोधतात. त्यांना हे सांगताना माझ्या जिवावर आलं.

सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात डिग्रीच्या खालची थंडी साधारण हजार तास लागते आणि ती झाडाला लागते, फ्रिजने फक्त बी रुजतं. मुंबईच्या सांताक्रूझ हवामान केंद्राची आजवरची सगळ्यात थंड नोंद ७.४ डिग्री, जानेवारी १९६२ ची. आता बोला! हिमाचलातले शेतकरी हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीवर येणारी जात आहे खरी, पण तिचंही कलमच लावतात.

रोज पाणी हा तर सगळ्यात घातक सल्ला, कारण पाऊस संपला की आंब्याला ताण द्यावा लागतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी तोडलं नाही तर नुसती पालवी फुटत राहते, मोहोर फारसा येत नाही. केळीच्या सालीतून थोडं पोटॅश उतरतं, नत्र जवळजवळ नाही, चिलटं मात्र घरभर. शेणखत घाला त्यापेक्षा.

बाल्कनीत सहा तास ऊन असेल तर आम्रपालीचं कलम घ्या, दशहरी आणि नीलमच्या संकरातली बुटकी जात आहे, ड्रममध्ये छान राहते. घेताना खोडावर खाली जोडाची गाठ दिसतेय का ते बोटाने चाचपून बघा. पहिल्या वर्षीचा मोहोर खुडून टाका, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरा. बीच लावायचं असेल तर कागदी लिंबाचं लावा, ते बऱ्यापैकी आईसारखंच निघतं, फक्त चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी.

आणि काकूंना मी रोप टाकू दिलं नाही. मोठ्या ड्रममध्ये हलवलंय, गुंडाळलेली मुळं थोडी छाटली. पाऊस सुरू होऊन नवी फूट आली की त्याच्यावरच फळ देणाऱ्या हापूसची काडी बांधायची. काडी गावाहून आणतेय, तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं काढून ठेवायला भावाला सांगितलंय.