सूर्याला आडोसा : इच्छुकांसाठी सूचना

ज्या बेळगावात घर बांधताना छताला पंख्याचा हूक ठेवायला गवंडी विसरायचा आणि मालकही त्याला बोलायचा नाही, त्या बेळगावात आता एसीवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. शहापुरात, खडेबाजारात, रेल्वे गेटजवळ, कुठंही ओळखीचा माणूस भेटला की रुमाल काढतो, "काय उकडालंय हो!" म्हणतो आणि वर बघतो. हे वर बघणं महत्त्वाचं. दोष वरच्याचा आहे हे आपल्याला आतून पटलेलंच असतं. तेव्हा झाडं लावा, कोळसा कमी जाळा असली रडगाणी यापुढे ऐकत बसू नका. थेट सूर्याचाच बंदोबस्त करा.

ही चेष्टा वाटत असेल तर वाचनात कमी पडताय. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि त्यानं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट वरच्या वातावरणात, पावसाच्या ढगांच्याही वर, भिरकावला. तिथं त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब झाले, त्यांनी थोडं ऊन परत पाठवलं आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशानं गार राहिली. फुकटात! मग २००६ मध्ये पॉल क्रुट्झन यांनी लेख लिहिला की, हेच काम माणसानं मुद्दाम करता येईल का, याचा अभ्यास व्हायला हवा. ओझोनवरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालेला हा माणूस. धूर कमी करणंच सगळ्यांत चांगलं, पण ते होईल असं दिसत नाही, म्हणून नाइलाजानं हे सुचवतोय, असंही त्यांनी त्यात लिहिलं होतं. तेवढा भाग तुम्ही गाळा. सगळे गाळतात.

आता साहित्य. इथं आपला जिल्हा जगाच्या पुढं आहे. गंधक लागतो? आपल्याकडं साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि बहुतेक कारखान्यांत गंधकाची भट्टी असतेच. उसाचा रस निघतो तो मळकट, हिरवट-काळपट. त्यात चुन्याचं पाणी घालायचं, गंधक जाळून निघालेला धूर सोडायचा, गाळ खाली बसवायचा, म्हणजे साखर पांढरी होते. हंगामात त्या भट्टीच्या बाजूनं गेलात आणि वारा तुमच्याकडं असला तर घशात सुई टोचल्यासारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं. हाच तो सल्फर डायऑक्साइड. रसात सोडला तर साखर पांढरी होते, वीस किलोमीटर वर सोडला तर आकाश पांढरं होतं. हो, आभाळाचा निळा रंग जरा फिका पडेल असं शास्त्रज्ञ सांगतात, पण संध्याकाळी लाली वाढेल. सेल्फीवाल्यांचं भलंच होईल. आणि गंधक नको असेल तर काहींनी अॅल्युमिनाची भुकटीही सुचवलेली आहे. अॅल्युमिनाचा कारखाना बेळगावच्या वेशीवर कित्येक वर्षं उभा आहे. सांबऱ्याला विमानतळही आहे. फक्त तिथली विमानं त्या उंचीच्या निम्म्याजवळपासच जातात, एवढी एक अडचण. विमान नसेल तर फुगा चालतो. एका अमेरिकन उद्योजकानं २०२२ मध्ये मेक्सिकोत जाऊन, कुणाला न विचारता, काही ग्रॅम सल्फर डायऑक्साइड फुग्यात भरून सोडलादेखील. त्याच्या कंपनीचं नाव 'मेक सनसेट्स'. एक ग्रॅम गारव्याचे दहा डॉलर अशी विक्रीही मांडली. मेक्सिको सरकारला हे बातम्यांतून कळलं आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनी असले प्रयोग बंद करणार म्हणून जाहीर केलं. यावरून धडा घ्या : परवानगी मागायच्या आधी फुगा सोडा. ज्यांनी आधी विचारलं त्यांचं काय झालं बघा. हार्वर्डच्या लोकांना २०२१ मध्ये स्वीडनमध्ये नुसता फुगा वर नेऊन यंत्रं तपासायची होती, भुकटीसुद्धा सोडायची नव्हती. तिथल्या सामी या आदिवासी लोकांनी हरकत घेतली, फुगा जमिनीवर राहिला आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा गावात जुन्या युद्धनौकेच्या डेकवरून मिठाच्या पाण्याचे तुषार उडवायचा प्रयोग सुरू झाला होता, समुद्रावरचे ढग जास्त पांढरे करता येतात का हे बघायला. नगर परिषदेनं तो थांबवला. नगर परिषदेनं! आपल्याकडं नगरसेवकांच्या हातात एवढं काही असतं हे ऐकूनच मला गहिवरून आलं.

घराच्या गच्चीला पांढरा रंग द्या, असं एखादा सुचवेल. अहमदाबादेत, तेलंगणात ते करतातही. खोली दोन-चार अंशांनी गार होते, डबाभर रंगात काम भागतं. असल्या किरकोळ गोष्टीत पडू नका. आपण मंगलोरी कौलं उतरवून पत्रे घातलेली माणसं आहोत, आपल्या विचारांची झेप मोठी असली पाहिजे.

तर आता खरं काम, म्हणजे ऊन किती कमी करायचं हे ठरवणं. हिशेबवाले सांगतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तरी सुमारे दोन टक्के ऊन परतवलं की सरासरी तापमान जागेवर येतं. सरासरी! सरासरीत पाऊस पडत नाही हो. आपल्या एका जिल्ह्याचं बघा. खानापूरवाल्यानं मे महिन्यात कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी केलेली असते, त्याला मृगाचा पाऊस वेळेवर हवा. निपाणीवाल्याचा तंबाखू शिवारात उन्हात वाळतो, त्याचं दोन टक्के ऊन कोण भरून देणार? अथणीच्या द्राक्षवाल्याला अवकाळीची सर आली की झोप नाही. चिकोडीचा कृष्णाकाठ २०१९ चा महापूर विसरलेला नाही, त्याला पाऊस जरा कमीच बरा. या चौघांना एका चहाच्या टेबलाशी बसवा आणि सूर्याचं बटण मधे ठेवा. चहा गार होईल, जग नाही.

आणि मान्सून बटणावर चालत नाही. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून वारा पाणी घेऊन आत येतो. जमिनीचाच ताप काढला तर वाऱ्यानं यायचं कशाला? नुसत्या उत्तर गोलार्धात हे थेंब सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडं सरकतो असं अभ्यास सांगतात. पिनातुबोनंतरच्या वर्षी जगभर जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचं पाणी घटलंच होतं. पण तुम्ही या तपशिलात शिरू नका. सभेत कुणी विचारलंच तर "तज्ज्ञ समिती नेमली आहे" म्हणा.

समितीचा विषय निघालाच आहे तर कणकुंबीला एकदा जाऊन या. मलप्रभा उगमाचं देऊळ आहे, आणि जवळच कळसा नाला. पावसाळ्यात बरा वाहतो. या नाल्याचं आणि शेजारच्या भांडुऱ्याचं पाणी मलप्रभेत वळवायचं की गोव्याकडं जाऊ द्यायचं, यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तिघांचे वकील उभे राहिले. २०१८ मध्ये निकाल आला, हे नाले ज्या म्हादई नदीचे, तिच्या पाण्यातले १३.४२ टीएमसी कर्नाटकाला. कुणाचंच समाधान झालं नाही, तिघंही सुप्रीम कोर्टात. आमचा सीमाप्रश्नाचा दावा तिथं २००४ पासून आहेच, तेव्हा सोबत झाली. तीन राज्यं, एकच देश, आणि पाण्याचा ओहोळ डोळ्यांना दिसणारा. आता हेच आभाळासाठी करायचं आहे, एकशे नव्वदच्या वर देशांत. काळजी करू नका, आपल्याकडं अनुभवी वकील आहेत.

एकदा सुरू केलं की थांबता येणार नाही, याची मात्र कुणकुण बाहेर लागू देऊ नका. ते थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, म्हणजे दरसाल पुन्हा सोडायचे. खालचा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हलत नाही. कारखानदारीच्या आधी हवेच्या दशलक्ष भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. समुद्र त्यातला बराचसा पिऊन आंबट होत चाललाय, त्याला वरच्या आडोशाचा काही उपयोग नाही. आडोशाखाली धूर वाढवत राहायचं आणि पन्नास वर्षांनी कुठल्यातरी सरकारनं निधी थांबवला, किंवा युद्धात विमानं अडकली, की साठलेली सगळी उष्णता काही वर्षांत एकदम अंगावर. पण पन्नास वर्षांनी तुम्ही आमदार असणार आहात का? नाही ना. मग पुढं चला.

पहिल्या फुग्याचा समारंभ हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सुवर्ण विधानसौधासमोर ठेवा, बंदोबस्त आयताच मिळतो. पाट्यांच्या नियमाप्रमाणं फुग्यावरच्या मजकुरात कन्नड साठ टक्के आहे ना, तेवढं आधी मोजून घ्या. नाहीतर आभाळ राहील बाजूला आणि कुणीतरी काळं फासायचा डबा घेऊन शिडी शोधत येईल.

एक कागदाचं काम राहिलं. पाऊस पंधरा दिवस लांबला, धूळवाफेचं भात जळालं, तर नुकसानभरपाईचा अर्ज करावा लागेल. अर्ज कन्नडमध्ये असेल, पोराकडून भरून घ्या. नुकसानीचं कारण लिहायच्या जागी "सूर्य मंद केल्यामुळे" असं लिहू नका, तलाठी अर्ज परत करेल. त्या वर्षी पाऊस आपला आपणच रुसला की फुग्यामुळं रुसला, हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही, आणि करू शकलात तरी फुगेवाल्याचं ऑफिस कुठल्या देशात आहे ते तलाठ्याला सापडायचं नाही. तिथं "नैसर्गिक आपत्ती" लिहा, उताऱ्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.