बलून पहाटे उडतात, म्हणून रात्री झोपू द्या!

दोन रात्री मिळून चार तासही झोप झाली नाही. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच माझ्या मुलीला बघायला मिळालं नाही. घरी येऊन तीन दिवस झाले, तरी संताप जात नाहीये.

हॉट एअर बलूनच्या महोत्सवात टेंट ठोकून राहायचं कशासाठी? बलून पहाटे उडतात म्हणून. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठायला लागतात, वाराही वाढतो. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात वर जाणं आणि खाली येणं एवढंच. कुठं जायचं ते त्या त्या उंचीवरचा वारा ठरवतो. म्हणून उड्डाणं सूर्योदयाच्या सुमारास, नाहीतर मावळतीच्या आधीच्या तास-दोन तासांत. तयारी बघायची तर साडेचारला मैदानावर हजर राहावं लागतं आणि त्यासाठी दहाच्या आत आडवं व्हावं लागतं. कॅम्पच्या फाटकावर तसा बोर्डही होता, हातभर अक्षरांत: रात्री १० नंतर शांतता पाळा.

शुक्रवारी दहा वाजता शेजारच्या ग्रुपचा स्पीकर चालू झाला. त्याच्या जोडीला जनरेटर. त्या आवाजाचा त्रास स्वतःला नको म्हणून त्यांनी तो आपल्या टेंटपासून लांब नेऊन ठेवला होता. लांब म्हणजे आमच्या टेंटपासून चार पावलांवर! धुराचं तोंड आमच्याकडे. आत माझी आठ वर्षांची मुलगी झोपलेली. अरे, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, झोपेत माणूस कायमचा जातो. हे मोठ्या माणसांना सांगावं लागतं? मी साडेअकराला गेलो, हात जोडून सांगितलं. उत्तर काय मिळालं? "अहो, फेस्टिव्हल आहे. झोपायचं होतं तर घरीच थांबायचं ना!"

गेटवर आयोजकांचा माणूस होता, त्याला जाऊन सांगितलं. "बघतो," म्हणाला. बाराला बघतो, एकला बघतो. कुणीही फिरकलं नाही. शेवटी मध्यरात्री अंधारात, दव पडत असताना, आम्हीच टेंट उखडून पन्नास पावलं पलीकडे नेला. धूर सुटला, पण स्पीकर कुठं सुटणार? बोर्ड लावला की काम संपलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कॅम्पचे पैसे घेऊच नयेत.

शनिवारी पहाटे डोळे चोळत मैदानावर गेलो. पायलट मंडळींनी वारा बघायला हेलियमचा छोटा फुगा सोडला. तो सरळ वर न जाता झपकन तिरका पळाला. थोडा वेळ वाट पाहिली आणि उड्डाण रद्द झालं. याचा मला काडीचाही राग नाही. भरताना बलूनचं प्रचंड कापड शिडासारखं वारा पकडतं, आणि जोराच्या वाऱ्यात उतरलं तर टोपली माणसांसकट जमिनीवरून फरफटत जाते. नाही म्हणणारा पायलटच खरा शहाणा. राग येतो तो कशाचा? सात वाजता उठून आलेले आमचे तेच शेजारी एका क्रूवर ओरडत होते, "पैसे भरलेत आम्ही!" त्या बिचाऱ्यांना पहाटे सहा माणसांचा जीव सांभाळायचा असतो. त्यातले काही याच कॅम्पमध्ये राहिले होते. त्यांची झोप कुणी खाल्ली?

त्याच क्रूमधल्या एका काकांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. ती गाडीत सगळा रस्ता आम्हाला ऐकवत आली होती, की १७८३ मध्ये माणसांच्या आधी बलूनमधून मेंढी, बदक आणि कोंबडा उडाले. तेच तिनं त्यांनाही सांगितलं. काका खूश झाले. त्यांनी तिला सगळं दाखवलं: आधी मोठ्या पंख्यानं आडव्या कापडात थंड हवा भरायची, मग बर्नरची ज्वाळा सोडायची, तोपर्यंत दोघांनी दोन बाजूंनी कापडाचं तोंड ताणून धरायचं. "उद्या पाचला ये. पंखा चालू असताना तोंड धरायला तू आणि बाबा." आणि स्वतःचे चामड्याचे हातमोजे तिच्या हातात दिले. तिच्या कोपरापर्यंत येत होते. रात्री ते उशाशी घेऊन झोपली.

झोपली म्हणजे, झोपायचा प्रयत्न केला. शनिवारी रात्री स्पीकर अडीचपर्यंत चालू होता. मी तीनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा भांडलो. पोरगी तीनच्या पुढं कधीतरी झोपली. पावणेपाचला मी तिला उठवलं, ती बसल्या बसल्या कलंडली. तोंडावर पाणी लावलं, परत उठवलं, तर रडायला लागली, "बाबा, डोकं दुखतंय." बायकोनं डोळ्यांनीच मला थांबवलं. तेवढ्यात मैदानाकडून बर्नरचा पहिला भर्रर्र आवाज आला आणि पोरगी ताडकन उठली. तिला खांद्यावर घेऊन धावत सुटलो.

पोचलो तेव्हा काकांची जागा रिकामी होती. दवात भिजलेल्या गवतावर कापड ओढल्याचा लांबच लांब पट्टा तेवढा उरला होता. त्यांची गाडी बलूनच्या मागावर निघून गेलेली. वारा अगदी मंद, आकाश स्वच्छ, दोन दिवसांतली हीच एक पहाट. ती हातमोजे घालून उभी राहिली आणि वर बघत विचारत होती, त्यातला काकांचा कुठला? मला सांगता येईना.

आठला परत आलो. शेजारी ढाराढूर झोपले होते. जनरेटर तसाच धडधडत होता आणि भर उन्हात त्यांचा एक दिवा जळत होता. मी सरळ गेलो आणि जनरेटर बंद केला. एकही जण जागा झाला नाही. हातमोजे अजून आमच्याकडेच आहेत, आणि ते काकांपर्यंत पोचवायचे कसे, हे ती रोज विचारतेय.