‘तेरुएलमध्ये आहे काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पेनमधल्या तेरुएलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंय की, त्या ओसाड प्रांतात आहे काय, तिथे जायला धड गाडी नाही, शाकाहाऱ्यांनी खायचं काय, आणि लाखांचा खर्च करणाऱ्यांना मी असल्या जागी का धाडतोय?

पहिला प्रश्न तिथल्या लोकांना स्पेनमध्येच इतका छळतो की १९९९ मध्ये त्यांनी ‘तेरुएल एक्झिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल आहे’, अशी चळवळच काढली. मागण्या साध्याच होत्या: रस्ते, रेल्वे, दवाखाने. २०१९ मध्ये तिचा एक खासदार निवडून आला. पुढे जानेवारी २०२० मध्ये पेद्रो सांचेस दोन मतांच्या फरकाने पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा त्यातलं एक मत या खासदाराचं होतं. गाडीची तक्रार मात्र रास्त. माद्रिदहून थेट रेल्वे आजही नाही; बसने जा, किंवा सारागोसा अथवा वालेन्सियाहून रडतखडत जाणारी गाडी पकडा.

पण ओसाड? गावं रिकामी होताहेत हे खरंच, मी ते लपवलेलं नाही. शहरात मात्र सान मार्तीन आणि एल साल्वादोर या चौदाव्या शतकातल्या मनोऱ्यांखाली उभं राहून हा शब्द उच्चारून दाखवा! चर्चचे घंटाघर, पण बांधणी मशिदीच्या मिनारासारखी: एका मनोऱ्याच्या पोटात दुसरा आणि दोहोंच्या मधून जिना. बाहेर विटांची नक्षी, तिच्यात हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशा. ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून घडलेली ही मुदेहार शैली. १९८६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. बार्सिलोनात वास्तुकार गौदीच्या इमारती आहेत, कबूल; हे नाही. कॅथेड्रलचं रंगवलेलं लाकडी छत बघताना मान अवघडते, तरी खाली बघवत नाही.

खाण्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. इथली शान म्हणजे थंड, कोरड्या हवेत मुरवलेली डुकराची तंगडी, आणि भाजीतही तिचे तुकडे सापडतात. ऑर्डर देतानाच ‘सिन हामोन’, म्हणजे ‘हॅम नको’, म्हणायचं, आणि तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, चालत असेल तर (त्यात अंडं असतं) पोटाची चिंता नको.

स्पेनची पहिलीच सहल असेल, सोबत वयस्कर मंडळी असतील आणि गाडी चालवायची नसेल, तर तेरुएल यादीतून खुशाल काढा. गाडी असेल तर जवळच्या आल्बारासीन या जुन्या गावासकट दोन रात्री ठेवा. जानेवारीत मात्र नको; स्पेनच्या यादवी युद्धात १९३७-३८ च्या हिवाळ्यातल्या लढाईत इथे सैनिक गोळ्यांबरोबर थंडीनेही गारद झाले होते.